कामगाराला वकील मोफत आहे, हे त्याला वेळेत कोण सांगणार?

प्रति,
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरण
मा. कामगार आयुक्त, महाराष्ट्र राज्य

विषय: कामावरून काढलेल्या कामगारांना मोफत वकील वेळेत मिळण्याबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात एका मुलाचा मोफत वकिलासाठी केलेला अर्ज परत आला. शेरा होता, ‘उत्पन्नाचा दाखला जोडलेला नाही.’ मुलगा एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशीनवर, ऑपरेटर होता. एका सकाळी गेटवरच्या सिक्युरिटीने ‘तुझं कार्ड ब्लॉक आहे, वर विचार’ असं सांगितलं. वर विचारायला आत सोडलं नाही. ना नोटीस, ना पत्र.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चं कलम १२ आपल्याला मी सांगायची गरज नाही. मोफत विधी सेवा कुणाला मिळेल त्याची यादी तिथे आहे. त्या यादीत सहावा आहे ‘औद्योगिक कामगार’. कमी उत्पन्न असलेली व्यक्ती ही त्याच यादीतली वेगळी आणि शेवटची बाब आहे. म्हणजे कामगार असणं एवढंच पुरेसं आहे, त्याचा पगार किती हा प्रश्नच येत नाही. त्या मुलाकडे मागितलेला कागद कायद्याने मागितलेलाच नाही. तरी तो तहसीलला गेला, सेतूत रांगेत उभा राहिला, आणि दाखला घेऊन परत येईपर्यंत त्याची मुदत जायची वेळ आली. कसली मुदत ते पुढे लिहिते.

हे पत्र मी उघड लिहिते आहे, कारण बंद पाकिटातली पत्रं आवक-जावक नोंदवहीच्या पलीकडे जात नाहीत हे मला धंद्यामुळे माहीत आहे. कोर्टाजवळ माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं छोटं दुकान आहे. कामगार न्यायालयात जाणारे अर्ज, तक्रारी, प्रतिज्ञापत्रं, विलंब माफीचे अर्ज असं सगळं माझ्या हाताखालून जातं. आणि दुसरं कारण घरचं आहे. माझे मिस्टर सीएनसी ऑपरेटर होते. सेवा कायम, रेकॉर्ड स्वच्छ. ओव्हरटाइमचा दर कायद्याप्रमाणे द्या, अशा अर्जावर सह्या गोळा करण्यात ते पुढे होते. त्यानंतर काही आठवड्यांत त्यांच्यावर चार्जशीट आली, की तिसऱ्या पाळीत मशीनजवळ झोपलेले आढळले. कंपनीने नेमलेल्या वकिलानेच एन्क्वायरी घेतली. सगळे कागद इंग्रजीत. प्रत्येक पानावर सही घेतली गेली आणि शेवटी बडतर्फीचं पत्र आलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, प्रकरण कोर्टात आहे. निकाल माझ्या बाजूने लावा असं मी आपल्याला सांगत नाही. तो न्यायाधीशांचा विषय. माझं म्हणणं एवढंच, की लढाई सुरू व्हायच्या आधीच आमचा माणूस जिथे हरतो, ती जागा आपल्या दोघांच्या अखत्यारीतली आहे.

ती जागा म्हणजे पहिले नव्वद दिवस.

महाराष्ट्रात कामावरून काढलेल्या माणसापुढे दोन रस्ते असत आले आहेत. एक केंद्राच्या औद्योगिक विवाद कायद्याचा, १९४७ चा. कामगार कार्यालयात अर्ज द्यायचा, समेट अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावणार, जमलं नाही तर पुढे कोर्ट. २०१० च्या दुरुस्तीनंतर, अर्ज देऊन पंचेचाळीस दिवस झाले की कामगार सरकारने वाद कोर्टाकडे पाठवण्याची (रेफरन्सची) वाट न बघता स्वतः कोर्टात जाऊ शकत होता, आणि त्याला एकूण तीन वर्षं होती. दुसरा रस्ता आपल्या राज्याचा, अनुचित कामगार प्रथा रोखणाऱ्या १९७१ च्या कायद्याचा, ज्याला कोर्टाच्या आवारात सगळे ‘पल्प’ म्हणतात. त्याच्या चौथ्या परिशिष्टाची पहिलीच बाब कामगाराला काढून टाकण्याबद्दल आहे. सूड म्हणून काढणं, खोटं कारण दाखवून काढणं, गैरहजेरीचा बनावट आरोप ठेवणं, चौकशीत नैसर्गिक न्याय गुंडाळून ठेवणं, किरकोळ चुकीला जुना रेकॉर्ड न बघता धक्कादायक शिक्षा देणं, या सगळ्याला तिथे अनुचित कामगार प्रथा म्हटलं आहे. तक्रार थेट कामगार न्यायालयात करता येते आणि अंतरिम आदेशही मागता येतो. पण ही तक्रार नव्वद दिवसांच्या आत करावी लागते.

शिवाय याच कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे एका रस्त्याने कार्यवाही सुरू झाली की त्याच गोष्टीसाठी दुसरा रस्ता बंद होतो. म्हणजे कोणत्या दाराने आत जायचं हा निर्णय पहिल्या काही आठवड्यांत घ्यायचा असतो, आणि तो घेतो कोण? आयटीआय झालेला, नुकतीच नोकरी गेलेला, घरी अजून सांगितलेलंही नाही असा माणूस. समोरच्या बाजूला एचआर, लेबर कन्सल्टंट आणि कंपनीचा वकील हे तिघं चार्जशीट लिहायच्या आधीपासून बसलेले असतात.

आमच्या घरी काय झालं ते सांगते. मिस्टरांनी बडतर्फीनंतर लगेच कामगार कार्यालयात अर्ज दिला. तारखा पडत गेल्या. एका तारखेला कंपनीचा माणूस आलाच नाही, पुढच्या तारखेला आला आणि मुदत मागून गेला. या सगळ्यात कुणीही, अगदी कुणीही, म्हणालं नाही की बाबा रे, राज्याच्या कायद्याने नव्वद दिवसांत कोर्टात जाता येतं, आणि तुला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तो आजच माग. ते नव्वद दिवस कामगार कार्यालयाच्या बाकावर संपले. अधिकाऱ्यांचा स्वभाव वाईट होता असं नाही. एका साहेबांनी तर स्वतःच्या पैशाने चहा पाजला. पण विधी सेवेबद्दल सांगणं हे त्यांच्या कामाच्या यादीतच नव्हतं. मुदतीनंतरही पुरेसं कारण दाखवलं तर न्यायालय तक्रार घेऊ शकतं, हे खरं. पण मग आधी विलंब माफीवरच भांडण. कंपनी त्याला विरोध करते, त्याच्या तारखा वेगळ्या, त्याचा युक्तिवाद वेगळा. मूळ प्रश्न, म्हणजे माणूस झोपला होता की नाही, तो कुठेच नाही.

तेव्हा, कामगार आयुक्त महोदय, पहिली तक्रार आपल्या कार्यालयांबद्दल. अर्ज घेताना माणसाला त्याचे हक्क सांगणारा एक कागदसुद्धा दिला जात नाही. पोचपावतीचा शिक्का मिळतो, बास.

दुसरी तक्रार विधी सेवा प्राधिकरणाकडे, आणि ती जास्त मोठी आहे. दरवर्षी ९ नोव्हेंबरला विधी सेवा दिन होतो. १९९५ साली त्या तारखेला हा कायदा अमलात आला म्हणून. शिबिरं होतात, पत्रकं वाटली जातात, १५१०० हा हेल्पलाइनचा नंबर सांगितला जातो. कार्यक्रम चांगले असतात, मी स्वतः एका शिबिराची पत्रकं छापून दिली आहेत. पण शिबिर होतं कॉलेजात नाही तर पंचायत समितीच्या सभागृहात, आणि तेही सकाळी अकराला, जेव्हा पहिल्या पाळीचा माणूस मशीनवर असतो आणि तिसऱ्या पाळीचा झोपलेला असतो. चाकण, वाळूज, अंबड, बुटीबोरी, तळोजा, या पट्ट्यांत राज्यभरातून आलेली लाखो माणसं भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्या बसथांब्यावर, मेसमध्ये, कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर आपला एक फलक मला दाखवावा.

पत्रक पोचलं तरी पुढची अडचण खिडकीवर. उत्पन्नाच्या दाखल्याचं वर लिहिलंच आहे. दुसरं ठरलेलं उत्तर असतं, ‘लेबर मॅटर आहे ना, मग युनियनकडे जा.’ युनियन असती तर तो इथे कशाला आला असता? आज नव्या कंपन्यांमध्ये युनियन नाहीच, आणि निम्म्याहून जास्त लाइन ठेकेदाराच्या मुलांवर किंवा ट्रेनींवर चालते असं जवळपास प्रत्येक पक्षकार मला सांगतो.

ठेकेदाराच्या मुलांचं दुखणं तर आणखी वेगळं आहे. कंपनी कोर्टात म्हणते, हा आमचा कामगारच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ मधल्या निकालांनंतर, मालक-कामगार नातंच नाकारलं गेलं तर ते आधी दुसरीकडे सिद्ध करून यावं लागतं, पल्पच्या तक्रारीत तो वाद काढता येत नाही. त्यामुळे ठेकेदाराच्या कामगाराने कुणाच्या तरी सांगण्यावरून घाईने पल्पखाली तक्रार टाकली की ती काही वर्षांनी ‘चालण्यास पात्र नाही’ म्हणून निकाली निघण्याचा धोका असतो. अशी निकालपत्रं मी झेरॉक्स केली आहेत. पहिल्या दिवशी जाणत्या वकिलाने पंधरा मिनिटं दिली असती तर ही वर्षं वाचली असती.

‘जाणत्या’ असं मुद्दाम म्हणते. प्राधिकरणाच्या पॅनेलवर, म्हणजे यादीवर, वकील आहेत, त्यातले काही फार मनापासून काम करतात. पण दिवाणी आणि घरगुती वादांची सवय असलेल्या वकिलाला कामगार कायद्याचं प्रकरण दिलं की काय होतं, हे टाइप करणाऱ्या बाईला दिसतं. एकच उदाहरण देते. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सांगितलं, की बेकायदा काढलेल्या माणसाला परत घेताना मागचा पगार देणं हा सर्वसाधारण नियम आहे. पण त्यासाठी कामगाराने आपल्या अर्जात किंवा निदान पहिल्या जबाबात सांगावं लागतं, की मधल्या काळात मला कुठे नोकरी नव्हती किंवा होती ती कमी पगाराची होती. मग उलट सिद्ध करायचं ओझं मालकावर जातं. एवढं एक वाक्य. ते नसलेले अर्ज माझ्याकडे येतात. मी वकील नाही, ‘साहेब, हे वाक्य राहिलं’ असं म्हणायचा मला अधिकार नाही, तरी म्हणते. काही साहेब हसतात आणि घालतात. काही रागावतात.

तसंच दोनशे चाळीस दिवसांचं, म्हणजे सलग सेवा मोजायच्या अटीचं. वर्षात तेवढे दिवस काम केल्याचं आधी कामगाराने दाखवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली म्हटलं आहे. मस्टर कंपनीच्या कपाटात. मग कामगाराने दाखवायचं कशावरून? पीएफच्या पासबुकातल्या नोंदी, ईएसआयचं कार्ड, बँकेत जमा झालेला पगार, कंपनीच्या बसचा पास, शिफ्टच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे मेसेज, हे सगळं पहिल्याच आठवड्यात जमा करायचं असतं, कारण ग्रुपमधून काढून टाकलं की संपलं. आणि मस्टर हजर करा असा अर्ज कंपनीविरुद्ध द्यायचा असतो. हेही सांगायला माणूस लागतो.

आता वकील मिळाला असं धरून चालू. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे कोर्टापुढे वकील उभा करायला समोरच्याची संमती आणि कोर्टाची परवानगी लागायची, आणि त्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ही अट ठेवली आहे. हेतू चांगला होता, की वकिलांच्या खर्चात कामगार भरडला जाऊ नये. पण कंपनीच्या बाजूने मालक संघटनेचा पदाधिकारी म्हणून वकिलीची सनद असलेला माणूस बसू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ सालीच मान्य केलं आहे. म्हणजे कंपनीचा वकील वेगळ्या टोपीत आत, आणि कामगाराला सरकारने दिलेला वकील संमतीची वाट बघत दारात. विधी सेवेच्या वकिलाला ही अट का लागू असावी? कायदा बदलणं आपल्या हातात नाही हे मला कळतं. पण राज्य सरकारला आणि केंद्राला तशी शिफारस करणं आपल्या हातात आहे.

नव्या संहितेचं नाव निघालंच आहे तर तेही बोलते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. समेटासाठी जाण्याची मुदत आता तीन नाही, दोन वर्षं, आणि समेट फसल्याचा अहवाल हाती आल्यापासून नव्वद दिवसांत न्यायाधिकरणाकडे अर्ज. मुदती कमी झाल्या, माहिती देण्याची सोय तेवढीच राहिली. मोबाइलवर रोज एक नवीन व्हिडिओ फिरतो, त्यातले निम्मे एकमेकांच्या उलट बोलतात, आणि पक्षकार तो व्हिडिओ मला दाखवून ‘ताई, हे खरं का?’ असं विचारतात. हा प्रश्न त्यांनी झेरॉक्सवालीला विचारावा, ही आपल्या दोन्ही खात्यांना शोभणारी गोष्ट नाही.

लोकअदालतीबद्दल थोडकं. तडजोड वाईट नसते. पाच-सात वर्षं कोर्टात घालवण्यापेक्षा रक्कम घेऊन मोकळं होणं पुष्कळांना बरं वाटतं, आणि त्यात चूक नाही. पण लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. ग्रॅच्युइटी, नोटीसचा पगार, छाटणीची भरपाई, रजेचा पगार यांची बेरीज किती होते हे सांगणारा कुणी शेजारी नसताना माणसाने तिथे सही करायची? कित्येकदा कायद्याने जे मिळणारच होतं तेवढंच ‘तडजोड’ म्हणून देऊन केस मिटते. आकडेवारीत मात्र एक प्रकरण निकाली.

आणि जिथे आपली व्यवस्था नसते तिथे दुसरे येतात. ‘पैसे आत्ता देऊ नका, निकाल लागला की दहा टक्के’ असं म्हणणारे कन्सल्टंट प्रत्येक कोर्टाच्या आवारात आहेत. वकिलाला निकालाच्या रकमेवर टक्केवारी घेता येत नाही, बार कौन्सिलचे नियम ते मनाई करतात. कन्सल्टंटला तो नियम कुठे? कामगार त्यालाच वकीलसाहेब म्हणतो.

मी सगळ्या काढलेल्या माणसांची बाजू घेत नाही. खरोखर चोरी केलेल्याचाही अर्ज मी टाइप केला आहे, आणि सुपरवायझरला मारहाण केलेल्याचाही. काही जणांना काढायलाच हवं होतं. पण खरा कोण आणि खोटा कोण हे ठरवायला कोर्ट आहे, आणि कोर्टापर्यंत माणूस नीट पोचला तरच ते ठरेल.

आमच्या मागण्या साध्या आहेत. बहुतेकांना नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरतं.

कामगार कार्यालयात कामावरून काढल्याचा अर्ज आला की त्याच टेबलावर मराठीत आणि हिंदीत एक पान द्यावं. कुठल्या कायद्याखाली किती दिवसांत कुठे जाता येतं, कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो, त्याचा अर्ज कुठे द्यायचा, नंबर काय. ते पान दिल्याची सही घ्यावी. त्याच टेबलावर विधी सेवेचा कोरा अर्जही असावा, आणि भरलेला अर्ज कामगार कार्यालयानेच प्राधिकरणाकडे पाठवावा.

औद्योगिक कामगाराकडून उत्पन्नाचा दाखला मागू नये, असं प्रत्येक जिल्हा प्राधिकरणाला आणि तालुका समितीला लेखी कळवावं. ओळखीसाठी पगार स्लिप, गेट पास, ईएसआय कार्ड किंवा पीएफची नोंद यातलं काहीही एक पुरे धरावं. ठेकेदाराच्या कामगाराला ‘तू कामगार आहेस हे सिद्ध कर’ असं खिडकीवरच विचारू नये. अर्ज मुदतीच्या जवळ आला असेल तर वकील त्याच दिवशी द्यावा.

फौजदारी खटल्यांतल्या आरोपींसाठी प्राधिकरणाने २०२२ पासून पूर्णवेळ बचाव वकिलांची व्यवस्था उभी केली आहे. फार चांगलं काम आहे. तशीच व्यवस्था मोठ्या औद्योगिक जिल्ह्यांत कामगार न्यायालयांसाठी करावी. सगळीकडे एकदम जमणार नसेल तर पुणे, ठाणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथून सुरुवात करा. बाकी जिल्ह्यांत कामगार कायद्याचं वेगळं पॅनेल असावं आणि त्यावर घेताना त्या वकिलाने या न्यायालयांत किती प्रकरणं चालवली हे बघावं. आणि त्यांची फी अशी ठेवा, की चांगला वकील त्या यादीत नाव द्यायला लाजणार नाही.

आठवड्यातून एक संध्याकाळ, पाळी सुटायच्या वेळी, औद्योगिक वसाहतीत विधी सेवेचा वकील बसावा. तिथे महिला कामगारांना हेही सांगावं, की बाई म्हणूनही त्या कलम १२ खाली पात्र आहेत, कामगार आहेत की नाहीत हा वाद त्यांच्याबाबतीत उद्भवतच नाही. लाइनवर आज किती मुली आहेत हे पाहिलं तर याचं महत्त्व कळेल.

चार्जशीट आणि एन्क्वायरीचे कागद इंग्रजीत असतील तर त्यांचं मराठी भाषांतर विधी सेवेच्या खर्चाने व्हावं. कागदपत्रांचं भाषांतर आणि छपाई विधी सेवेत धरलेली आहे, फक्त ते कुणी मागत नाही, कारण माहीत नाही. (यात माझ्या दुकानाचं थोडं नुकसान आहे. चालेल.)

लोकअदालतीत कामावरून काढल्याचं प्रकरण ठेवण्याआधी कामगाराला त्याच्या देय रकमेचा हिशेब लेखी द्यावा, आणि वकिलाशी बोलल्याशिवाय सही घेऊ नये.

शेवटी, दर वर्षी आकडे जाहीर करा. किती औद्योगिक कामगारांनी मोफत वकील मागितला, किती जणांना मिळाला, अर्जापासून वकील मिळेपर्यंत किती दिवस लागले, किती अर्ज कुठल्या कारणाने परत गेले, हे सगळं जिल्हावार.

या पत्राची प्रत मी दोन्ही कार्यालयांना स्पीड पोस्टाने पाठवली आहे. उत्तर लेखी आणि मराठीत द्यावं. कोणती मागणी मान्य, कोणती नाही, आणि मान्य असेल तर कोणत्या तारखेपासून, एवढं असलं तरी चालेल. त्या मुलाला दाखला मिळाला आहे. त्याच्या नव्वद दिवसांतले थोडे दिवस अजून शिल्लक आहेत, तेव्हा त्याच्या अर्जाचं मात्र या आठवड्यातच बघावं.

आपली नम्र,
एका बडतर्फ कामगाराची पत्नी